'रिलिजन' या शब्दाची अर्थांतरे आणि धम्म

शाळेच्या दाखल्यावर, नोकरीच्या अर्जावर आणि जनगणनेच्या तक्त्यात 'रिलिजन' नावाचा एक रकाना असतो. मराठी नमुन्यात त्या जागी 'धर्म' हा शब्द छापलेला असतो. त्या रकान्यात आपण 'बौद्ध' असे लिहितो आणि तसे लिहिण्याचा हक्क आपल्या वडीलधाऱ्यांनी मोठी किंमत देऊन मिळविलेला आहे. दुसरीकडे विहारातील धम्मवर्गात आपण असेही शिकतो की, धम्म म्हणजे रिलिजन नव्हे. अभ्यासू तरुण मग साहजिकच विचारतात की, यांतील खरे कोणते? धम्म जर रिलिजन नसेल, तर त्या रकान्यात 'बौद्ध' लिहिणे ही केवळ कागदोपत्री सोय ठरते काय? आणि तो जर रिलिजन असेल, तर बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दोहोंमध्ये भेद दाखविण्याचे प्रयोजन काय?

या प्रश्नाची किल्ली खुद्द बाबासाहेबांनीच देऊन ठेविली आहे. 'दि बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथाच्या चतुर्थ खंडाच्या प्रारंभी ते सांगतात की, रिलिजन या शब्दाला निश्चित असा एकच अर्थ नाही. शब्द एक असला तरी त्याचे अर्थ अनेक आहेत, कारण ती कल्पना अनेक अवस्थांतून गेलेली आहे आणि प्रत्येक अवस्थेला तेच नाव मिळत गेले आहे. हे विधान आपण अनेकदा वाचतो आणि पुढील भेदाकडे वळतो. प्रस्तुत लेखात आम्ही या विधानापाशीच थोडा वेळ थांबणार आहोत. हा शब्द कोठून आला, कोणकोणते अर्थ घेऊन तो आपल्या देशात उतरला, पालि वाङ्मयातील कोणत्या शब्दांशी त्याची गाठ घातली गेली आणि त्यातून आपल्यापुढे कोणते प्रश्न उभे राहिले, हे इतिहासाच्या क्रमाने पाहावयाचे आहे.

१. रोमपासून मठापर्यंत

'रिलिजन' हा शब्द लॅटिन भाषेतील 'रिलिजिओ' पासून निघालेला आहे. त्याच्या व्युत्पत्तीविषयी प्राचीन काळीच मतभेद होता. रोमन वक्ता आणि तत्त्वचिंतक सिसेरो याने इ. स. पू. ४५ च्या सुमारास देवांच्या स्वरूपाविषयी लिहिलेल्या ग्रंथात हा शब्द 'पुनःपुन्हा लक्षपूर्वक पाहणे, उजळणी करणे' या अर्थाच्या धातूशी जोडला. उपासनेचे विधी जो काळजीपूर्वक, काही न चुकविता पार पाडतो, तो त्याच्या मते या शब्दास पात्र होता. इ. स. च्या चौथ्या शतकाच्या आरंभी ख्रिस्ती लेखक लॅक्टॅन्शियस याने ही व्युत्पत्ती नाकारली आणि 'बांधणे' या अर्थाचा दुसरा धातू पुढे केला. मनुष्य ईश्वराशी ज्या बंधनाने बांधला जातो ते बंधन म्हणजे रिलिजिओ, असा त्याचा अभिप्राय होता.

हा केवळ वैयाकरणांचा वाद नव्हता. पहिल्या अर्थात विधीची दक्षता आहे. दुसऱ्यात ईश्वर आणि भक्त यांचे नाते आहे. पहिल्या अर्थाने पाहणाऱ्या प्लिनी आणि टॅसिटस या रोमन लेखकांना ख्रिस्ती लोकांचा पंथ 'रिलिजिओ' वाटला नाही. त्यांनी त्याला अंधश्रद्धा या अर्थाचा शब्द लावला. लॅक्टॅन्शियसच्या काळी पारडे फिरले. त्याने सत्य ईश्वराची उपासना ती रिलिजिओ आणि खोट्या देवांची ती अंधश्रद्धा, असा निवाडा दिला. म्हणजे हा शब्द जन्मापासूनच निःपक्षपाती नव्हता. ज्याच्या हाती सत्ता, त्याची उपासना 'रिलिजन' आणि दुसऱ्याची ती अंधश्रद्धा, असा त्याचा व्यवहार राहिला.

मध्ययुगात या शब्दाने आणखी एक वळण घेतले. तेराव्या शतकाच्या सुमारास फ्रेंच भाषेच्या द्वारे तो इंग्रजीत रुळला, तेव्हा त्याचा मुख्य अर्थ मठातील व्रतस्थ जीवन असा होता. 'रिलिजनमध्ये प्रवेश करणे' म्हणजे घरदार सोडून मठवासी होणे. कॅथलिक परंपरेत आजही मठवासी स्त्री-पुरुषांना उद्देशून 'रिलिजस' हे नाम वापरले जाते. पालि भाषेच्या अभ्यासकाला हा अर्थ विशेष उद्बोधक वाटेल. त्या काळच्या इंग्रजी शब्दाचे पालि भाषांतर करावयाचे झाल्यास 'धम्म' हा शब्द चालणार नाही. 'पब्बज्जा' हा शब्द योजावा लागेल. शेतात राबणारा गृहस्थ कितीही श्रद्धावान असला तरी या अर्थाने तो 'रिलिजन' च्या बाहेरच होता.

२. अनेकवचन कसे निर्माण झाले

इ. स. १५१७ नंतर युरोपात ख्रिस्ती धर्मसुधारणेची चळवळ उभी राहिली आणि एकाच येशूचे अनुयायी परस्परांविरुद्ध शस्त्र घेऊन उभे ठाकले. १५५५ च्या ऑग्सबर्गच्या तहाने जर्मन संस्थानिकांना आपापल्या राज्यात कॅथलिक की ल्यूथरचा पंथ, हे ठरविण्याचा अधिकार दिला. येथे 'रिलिजन' हे राज्याच्या दप्तरात नोंदविता येणारे, एकमेकांपासून वेगळे काढता येणारे आणि अनेकवचनात बोलता येणारे प्रकरण बनले. आज आपल्या अर्जावर जो रकाना दिसतो त्याचा पूर्वज येथे सापडतो.

अनेक रिलिजन आहेत असे एकदा मान्य झाल्यावर त्या सर्वांत समान काय आहे, हा प्रश्न ओघानेच आला. इंग्लंडमधील लॉर्ड हर्बर्ट ऑफ चेर्बरी याने १६२४ मध्ये पाच समान तत्त्वे सांगितली: एक परमेश्वर आहे, त्याची उपासना केली पाहिजे, सदाचार हा त्या उपासनेचा मुख्य भाग आहे, पापाचा पश्चात्ताप केला पाहिजे, आणि मरणोत्तर बक्षीस व शिक्षा असते. हर्बर्टचा हेतू उदार होता. रक्तपात थांबावा म्हणून तो समान भूमी शोधीत होता. परंतु त्याची मोजपट्टी ख्रिस्ती घरात तयार झालेली होती. तथागतांची शिकवण या पट्टीवर ठेवून पाहावी. पहिली दोन तत्त्वे तीत नाहीत. चौथे आणि पाचवे तत्त्व ज्या निवाडा करणाऱ्या ईश्वरावर उभे आहे, तोच तेथे नाही. उरते ते तिसरे, म्हणजे सदाचार. आणि तोही कोणाच्या उपासनेचा भाग म्हणून नव्हे, तर स्वयंपूर्ण.

३. भारतात आगमन

हा असा बहुरूपी शब्द ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराबरोबर आपल्या देशात आला. वॉरन हेस्टिंग्ज याच्या १७७२ च्या न्यायव्यवस्थेच्या योजनेत असे ठरले की, वारसा, विवाह, जात आणि इतर धार्मिक रूढी यांबाबतच्या दाव्यांत मुसलमानांना कुराणाचा आणि हिंदूंना शास्त्रांचा कायदा लागू करावा. या यादीतील 'जात' या शब्दाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. जात ही सामाजिक व्यवस्था. तिला 'इतर धार्मिक रूढीं' च्या पंक्तीला बसविण्यात आले. पुढे १ नोव्हेंबर १८५८ च्या जाहीरनाम्यात राणी व्हिक्टोरियाने प्रजेच्या धर्मात हस्तक्षेप न करण्याचे अभिवचन दिले. जे काही 'रिलिजन' या नावाखाली नोंदले गेले, त्याला या अभिवचनाचे कवच मिळाले. माणसाने माणसाला पाण्यापासून, रस्त्यापासून आणि शाळेपासून दूर ठेवावे, हा अन्यायही 'धार्मिक बाब' म्हणून त्या कवचाआड उभा राहू शकला.

याच शतकात मराठीत 'रिलिजन' ला 'धर्म' हा प्रतिशब्द रूढ झाला. त्यापूर्वी धर्मशास्त्रांच्या परंपरेत 'धर्म' म्हणजे प्रामुख्याने वर्ण आणि आश्रम यांनुसार ठरविलेले कर्तव्य व आचारनियम. ब्राह्मणाचा धर्म वेगळा, शूद्राचा वेगळा, स्त्रीचा वेगळा. मिशनऱ्यांच्या ग्रंथांतून आणि कोशांतून त्याच शब्दाला 'ख्रिस्ती धर्म', 'मुसलमानी धर्म' असा संप्रदायवाचक अर्थ मिळाला. जुना अर्थ मात्र गेला नाही; तो नव्या अर्थाच्या पोटात राहिला. परिणामी 'धर्माचे रक्षण' या शब्दांत उपासनेच्या स्वातंत्र्याचे रक्षण अभिप्रेत आहे की वर्णव्यवस्थेचे, हे बोलणाऱ्याच्या सोयीवर अवलंबून राहू लागले.

ही संदिग्धता महात्मा फुले यांनी ओळखली होती, असे आम्हांस वाटते. त्यांचा अखेरचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये 'सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक' या नावाने प्रसिद्ध झाला. त्यांनी 'धर्म' हा शब्द टाकला नाही. त्याला दोन विशेषणे लावली. सार्वजनिक, म्हणजे वर्णावर्णांत न वाटलेला. आणि सत्य, म्हणजे शास्त्राच्या आज्ञेवर न उभा राहिलेला. त्यांनी निर्मिकाची कल्पना ठेवली, हा धम्माशी असलेला भेद खरा. परंतु एका दूषित शब्दाला शुद्ध करून घेण्याचा तो थोर प्रयत्न होता, आणि बाबासाहेबांच्या पुढील मार्गाची ती एक पायरी होती.

४. एका शिकवणीने व्याख्या मोडली

एकोणिसाव्या शतकात युरोपीय पंडितांना बौद्ध वाङ्मयाचा परिचय झाला. फ्रेंच पंडित यूजेन ब्यूर्नुफ याचा भारतीय बौद्ध मताच्या इतिहासावरील ग्रंथ १८४४ मध्ये प्रसिद्ध झाला. मॅक्स म्युलर याने १८७० मध्ये लंडन येथे धर्मविज्ञानावर व्याख्याने दिली आणि १८७९ पासून पौर्वात्य धर्मग्रंथांची पन्नास खंडांची माला संपादित केली. तीत धम्मपदाचे त्याने केलेले भाषांतर १८८१ मध्ये आले. त्याच वर्षी ऱ्हीस डेव्हिड्स यांनी पालि टेक्स्ट सोसायटीची स्थापना केली. या पंडितांचे ऋण पालिचा कोणताही अभ्यासक नाकारू शकणार नाही.

परंतु वाङ्मय हाती येताच अडचण उभी राहिली. मानववंशशास्त्रज्ञ टायलर याने १८७१ मध्ये रिलिजनची किमान व्याख्या केली ती 'आत्मरूप शक्तींवरील विश्वास' अशी. ज्या शिकवणीत जगाचा कर्ता ईश्वर नाही आणि नित्य आत्माही नाही, तिला या व्याख्येत कोठे बसवावे? काहींनी तिला तत्त्वज्ञान म्हटले, काहींनी केवळ नीतिशास्त्र म्हटले. १९१२ मध्ये फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम याने हा तर्क उलटा फिरविला. बौद्ध मत हे रिलिजन आहे हे तर उघड आहे. मग देवावर उभी असलेली व्याख्याच चुकीची असली पाहिजे, असे त्याचे म्हणणे. त्याने पवित्र मानल्या गेलेल्या गोष्टींविषयीच्या समजुती व आचार आणि त्यांनी एकत्र बांधलेला समाज यांवर आपली नवी व्याख्या उभारली. याचा अर्थ असा की, शाक्यमुनीच्या शिकवणीने युरोपातील एका मोठ्या शब्दाचा अर्थ बदलावयास लावला. तिला शब्दाच्या साच्यात बसविता येईना, तेव्हा साचाच बदलावा लागला.

इतर बौद्ध देशांचा अनुभवही याच प्रकारचा आहे. पाश्चात्त्यांशी संबंध वाढल्यावर त्या सर्वांना 'रिलिजन' साठी शब्द शोधावा लागला आणि प्रत्येकाने वेगळा शब्द घेतला. सिंहली भाषेत 'आगम' रूढ झाला. पण बौद्ध वाङ्मयात आगम म्हणजे परंपरेने आलेले सुत्तसंग्रह. थाई भाषेने 'सासन' या शब्दाचे रूप स्वीकारले; त्याचा मूळ अर्थ उपदेश किंवा अनुशासन. ब्रह्मदेशात 'भासा' हा शब्द या कामी आला. पालित तो भाषावाचक आहे. जपानने चिनी बौद्ध वाङ्मयातील एका जुन्या शब्दाला 'शूक्यो' या उच्चाराने हा नवा अर्थ दिला. त्याचा जुना अर्थ 'मूलतत्त्वाची अथवा पंथाची शिकवण' असा होता. एका इंग्रजी शब्दासाठी चार देशांनी चार शब्द योजले आणि त्यांपैकी एकाचाही मूळ अर्थ 'रिलिजन' नव्हता. त्या लोकांच्या भाषा दरिद्री होत्या म्हणून असे घडले नाही. त्यांनी जगाची विभागणी निराळ्या रेषांनी केलेली होती.

५. पासंड आणि धम्म

मग पालि भाषेत या रेषा कोठे आहेत? या संदर्भात संयुत्तनिकायाच्या भिक्खुनीसंयुत्तातील एका सुत्ताकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. भिक्खुनी सीसुपचाला हिला मार विचारतो की, तुला कोणाचा पासंड पसंत आहे? आपणास कोणाचाच पासंड पसंत नाही, असे ती उत्तर देते. मार गोंधळतो. डोके मुंडलेले आहे, वेश तर श्रमणीचा आहे आणि तरीही पासंड नाही, हे कसे, असे तो विचारतो. तेव्हा ती सांगते की, पासंडवाले बाहेरच्या दृष्टींना चिकटलेले आहेत. आपणास शाक्यकुलात जन्मलेल्या बुद्धाने उपदेशिलेला धम्म पसंत आहे.

'पासंड' हा शब्द येथे संप्रदाय, पंथ, मतसमूह या अर्थी आलेला आहे. कोणत्या पंथात नाव घातले आहे, हा माराचा प्रश्न आहे. सीसुपचालेने प्रश्नच नाकारला. आपण एका पंथातून उठून दुसऱ्या पंथात बसलो, असे तिला म्हणावयाचे नाही. दृष्टींना चिकटणे जेथे संपते तेथे धम्म सुरू होतो, असे ती सुचविते. धम्म आणि संप्रदाय यांतील भेद एका भिक्खुनीच्या मुखातून इतक्या स्पष्टपणे आलेला आहे, ही गोष्ट आपल्या लेखनात जितकी यावयास हवी तितकी येत नाही.

सम्राट अशोकाच्या शिलालेखांत हेच दोन शब्द दोन पातळ्यांवर दिसतात. सातव्या आणि बाराव्या शिलालेखांत तो सर्व पासंडांविषयी बोलतो. त्यांनी सर्वत्र राहावे, परस्परांची निंदा करू नये, वाणीचा संयम पाळावा आणि सर्वांच्या ठायी साराची वाढ व्हावी, असे त्याचे म्हणणे आहे. येथे 'पासंड' या शब्दाला निंदेचा वासही नाही. पुढील ब्राह्मणी वाङ्मयात मात्र वेदबाह्य श्रमणांना हिणविण्यासाठी त्याच शब्दाची योजना झाली आणि आजच्या मराठीत 'पाखंडी' ही शिवी होऊन बसली. ज्यांचा पराभव झाला त्यांच्या शब्दांचीही हीच गत होते.

अशोकाने 'धम्म' हा शब्द वेगळ्या कामासाठी राखून ठेविला. दुसऱ्या स्तंभलेखात तो स्वतःच प्रश्न करतो की, धम्म म्हणजे काय, आणि उत्तरादाखल पापाचे अल्पत्व, कल्याणकर्मांची विपुलता, दया, दान, सत्य आणि शुचिता यांचा उल्लेख करतो. त्यात ना देवतेचे नाव आहे, ना विधीचे. म्हणजे ज्या ठिकाणी इंग्रजीत एकच 'रिलिजन' शब्द काम भागवितो, तेथे अशोकापाशी दोन शब्द होते. माणसे ज्या गटांत विभागलेली आहेत त्यांना पासंड, आणि त्या सर्व गटांतील माणसांनी एकमेकांशी ज्या रीतीने वागावे ती रीत म्हणजे धम्म.

याला एक विलक्षण पुरावा १९५८ मध्ये अफगाणिस्तानातील कंदाहार येथे सापडला. तेथील अशोकाचा लेख ग्रीक आणि अरामाईक या दोन भाषांत आहे. ग्रीक भाषांतरकाराने 'धम्म' साठी 'युसेबेइया' हा शब्द योजला. त्याचा अर्थ थोरांविषयी आदर आणि सदाचरण. अरामाईकमध्ये 'सत्य' या अर्थाचा शब्द आला आहे. पुढे तेथेच मिळालेल्या दुसऱ्या ग्रीक लेखात 'पासंड' साठी तत्त्वज्ञांच्या संप्रदायाला लावला जाणारा शब्द वापरलेला आहे. बावीसशे वर्षांपूर्वीच्या भाषांतरकारांनी हे दोन शब्द एकमेकांत मिसळू दिले नाहीत. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. हा लेख त्यांच्या पाहण्यात येणे शक्यच नव्हते. तरीही त्यांनी केलेल्या भेदाला त्याने दुजोरा दिला आहे. आपल्या महाराष्ट्रातील सोपारा येथेही अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला होता. धम्माची ही भाषा आपल्या किनाऱ्यालाही परकी नव्हती.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. 'धम्म' हा शब्दही एकार्थी नाही. अट्ठकथाकार बुद्धघोष यांनी त्याचे अर्थ नोंदविताना परियत्ति म्हणजे अध्ययनाचा पाठ, हेतू म्हणजे कारण, गुण, देशना आणि निस्सत्त-निज्जीवता म्हणजे सत्त्वरहित घटना, अशी गणती केली आहे. धम्मपदाच्या पहिल्याच गाथेत 'धम्म' हा शब्द मनाच्या अवस्थांविषयी आला आहे. अनात्मविषयक गाथेत प्रत्येक ठिकाणी 'रिलिजन' घातला, तर सर्व रिलिजन आत्मरहित आहेत असा हास्यास्पद अर्थ निघेल. या एका शब्दावर गायगर दांपत्याने १९२० मध्ये आणि रशियन पंडित श्चेरबात्स्की यांनी १९२३ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिले, ते उगाच नव्हे. अर्थ अनेक आहेत हा दोन्ही शब्दांचा समान गुण आहे. मात्र एक फरक आहे. 'धम्म' च्या अनेक अर्थांत एकाही ठिकाणी निर्मात्या ईश्वराची गरज लागत नाही.

६. बाबासाहेबांची शब्दयोजना

आता बाबासाहेबांच्या लेखनाकडे वळू. त्यांनी 'रिलिजन' हा शब्द सर्वत्र टाकून दिला होता, अशी एक समजूत आहे. ती बरोबर नाही. १९३६ च्या 'अनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये त्यांनी नियमांचा रिलिजन आणि तत्त्वांचा रिलिजन असा भेद केला आणि दुसऱ्याची आवश्यकता मान्य केली. त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेल्या आणि १९८७ मध्ये महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या 'फिलॉसफी ऑफ हिंदुइझम' मध्ये आदिम समाजापासून आधुनिक काळापर्यंत रिलिजनच्या कल्पनेत झालेल्या क्रांतीचे विवेचन आहे. १९५० मध्ये महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकातच बुद्धाच्या 'रिलिजन' च्या भवितव्याचा उल्लेख आहे. ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात आपल्या तत्त्वज्ञानाची मुळे राज्यशास्त्रात नसून रिलिजनमध्ये आहेत, असे त्यांनी सांगितले. मराठीत येवल्याला १९३५ मध्ये आणि मुंबईला १९३६ मध्ये ते 'धर्म' हाच शब्द वापरीत होते.

काही टीकाकार येथे विसंगती पाहतात. आम्हांस तसे वाटत नाही. जगाशी बोलताना जगाच्या शब्दकोशातील शब्द घ्यावा लागतो. १९५० पर्यंत बाबासाहेब त्या शब्दाला सुधारून घेत होते. विज्ञानाशी सुसंगत, स्वातंत्र्य-समता-बंधुता मानणारा, दारिद्र्याचे उदात्तीकरण न करणारा, अशा कसोट्या ते त्याला लावीत होते. महात्मा फुल्यांनी 'धर्म' ला विशेषणे लावली त्याच जातीचे हे काम होते. त्यानंतरच्या वर्षांत, आपल्या ग्रंथाची सिद्धता करताना, त्यांना विशेषणे पुरेनाशी झाली असावीत. या ग्रंथाच्या आरंभीच्या मसुद्याचे नाव 'दि बुद्ध अँड हिज गॉस्पेल' असे होते. गॉस्पेल हा ख्रिस्ती परंपरेतील शब्द. १९५७ मध्ये ग्रंथ प्रकाशित झाला तेव्हा त्याच्या मुखपृष्ठावर 'धम्म' हा पालि शब्द होता. संपूर्ण इंग्रजी ग्रंथाच्या नावात एक शब्द भाषांतर न करता ठेवणे हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे.

त्या निर्णयाचे कारण ग्रंथातच मिळते. रिलिजन ही व्यक्तिगत बाब मानली जाते. धम्म मूलतः सामाजिक आहे. माणूस एकटा असेल तर त्याला धम्माची गरज नाही. दोन माणसे आली की ती उत्पन्न होते. रिलिजन जगाच्या उत्पत्तीचे स्पष्टीकरण करू पाहतो. धम्म जगाची पुनर्रचना करू पाहतो. रिलिजनमध्ये नीती ही जोडलेली गोष्ट आहे. धम्मात ईश्वराची जागाच नीतीने घेतली आहे. आणि याच भागाच्या अखेरीस बाबासाहेब आणखी एक पाऊल टाकतात. केवळ नीती पुरेशी नाही, ती पवित्र आणि सार्वत्रिक असली पाहिजे, कारण टोळीपुरती नीती दुर्बळाचे रक्षण करीत नाही. म्हणजे रिलिजनमधील पावित्र्याची भावना त्यांनी फेकून दिली नाही. ती देवाकडून काढून माणसामाणसांतील वर्तनाकडे आणली. जे धम्माला 'निव्वळ तत्त्वज्ञान' म्हणतात ते हा भाग विसरतात.

ग्रंथाच्या मराठी अनुवादाने शीर्षकात 'धम्म' हा शब्द राखला. भदंत आनंद कौसल्यायन यांच्या हिंदी अनुवादाचे नाव 'भगवान बुद्ध और उनका धर्म' असे आहे. भदन्तजींसारख्या पालि पंडिताने तो शब्द योजला याचा अर्थ ते भेद जाणत नव्हते असा नव्हे. हिंदी वाचकाच्या ओळखीच्या शब्दाने त्यांनी दार उघडले. परंतु दाराशी उभ्या असलेल्या वाचकाला आतील भेद समजावून सांगण्याचे काम त्यामुळे वाढते, हेही खरे.

७. कायद्यातील शब्द

आता सुरुवातीच्या रकान्याकडे येऊ. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २५ मध्ये 'रिलिजन' हा शब्द आहे, पण संविधानात त्याची व्याख्या नाही. २ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की, या देशात धार्मिक कल्पना जन्मापासून मृत्यूपर्यंत सारे जीवन व्यापून बसल्या आहेत. त्यांची मर्यादा आखली नाही तर सामाजिक सुधारणेचा कोणताही कायदा करता येणार नाही. १७७२ मध्ये जी गाठ मारली गेली ती सोडविण्याचाच हा प्रयत्न होता. १९५४ मध्ये शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रिलिजन हा ईश्वरवादीच असला पाहिजे असे नाही, हे सांगताना बौद्ध आणि जैन यांचाच दाखला दिला. टायलरची व्याख्या भारतीय कायद्याने स्वीकारली नाही.

म्हणून कायद्याच्या अर्थाने बौद्ध हा स्वतंत्र रिलिजन आहे याविषयी शंका नको. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही 'रिलिजनने बौद्ध' असा वेगळा उल्लेख आहे. तो कायदा बौद्धांना लागू केला आहे, बौद्धांना हिंदू ठरविलेले नाही. अनुच्छेद २५ च्या दुसऱ्या स्पष्टीकरणातील हिंदू शब्दाचा विस्तारही त्या अनुच्छेदातील समाजसुधारणा आणि सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था खुल्या करण्याच्या उपखंडापुरता आहे. हे बारकावे आपल्या कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावेत.

या शब्दाने आपल्याकडून किंमत वसूल केली, तीही कायद्याच्याच अर्थाने. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात हिंदूखेरीज अन्य रिलिजन मानणाऱ्यास अनुसूचित जातीचा मानू नये असे कलम होते. १९५६ मध्ये शिखांचा अपवाद झाला. बौद्धांचा अपवाद होण्यास १९९० साल उजाडावे लागले. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर ज्यांनी प्रामाणिकपणे रकान्यात 'बौद्ध' लिहिले त्यांच्या मुलांनी केंद्राच्या सवलती चौतीस वर्षे गमावल्या. तरीही माणसे मागे हटली नाहीत. महाराष्ट्राच्या प्रदेशात १९५१ च्या जनगणनेत बौद्ध सुमारे अडीच हजार होते. १९६१ मध्ये ते सत्तावीस लाखांहून अधिक झाले. २०११ मध्ये देशातील सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाखांहून अधिक महाराष्ट्रात होते. हे आकडे त्या एका रकान्यात लिहिलेल्या एका शब्दाचे आहेत.

समारोप

या साऱ्या विवेचनातून दोन चुका टाळावयाच्या आहेत. पहिली चूक अशी की, धम्म रिलिजन नाही, केवळ जीवनपद्धती आहे, असे सांगून रकान्यात 'बौद्ध' लिहिण्याची गरजच नाकारणे. ११ डिसेंबर १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हिंदुत्वालाही जीवनपद्धती म्हटले. 'जीवनपद्धती' हे इतके सैल पोते आहे की त्यात आपणास कोणीही भरून नेऊ शकतो. दुसरी चूक याच्या उलट आहे. रकान्यात नाव लिहिले म्हणजे काम झाले असे समजून विहाराला मंदिर, वंदनेला नवस आणि तथागतांना देव करणे. पहिल्या चुकीत आपण पंथ गमावतो, दुसरीत धम्म गमावतो.

मार्ग अवघड नाही. सरकारी कागदावर 'रिलिजन' हा शब्द १५५५ च्या अर्थाने, म्हणजे राज्याच्या नोंदीतील ओळख या अर्थाने विचारलेला असतो. तेथे निःशंकपणे 'बौद्ध' लिहावे, आणि जनगणनेच्या वेळी घरातील प्रत्येकाचे तसे लिहिले गेले आहे याची स्वतः खात्री करून घ्यावी. विहारात, लेखनात आणि मुलांच्या शिक्षणात 'धम्म' हा शब्द त्याच्या स्वतःच्या अर्थाने वापरावा आणि तो अर्थ दर वेळी आचरणातून सिद्ध करावा. कोणी 'रिलिजन' किंवा 'धर्म' म्हणू लागला, तर वादात पडण्यापूर्वी त्याला विचारावे की, आपण कोणत्या अर्थाने बोलता: विधीच्या, मठाच्या, राज्याच्या नोंदीच्या, ईश्वराच्या की माणसाच्या माणसाशी असलेल्या नात्याच्या? शेवटचा अर्थ असेल, तर त्याच्याशी आपले भांडण नाही. इतर अर्थ असतील, तर सीसुपचालेने माराला दिलेले उत्तर आपल्याजवळ आहे.